घाट उतरताना दोन मिलिमीटर

जुलैतल्या रविवारी दुपारी सिंहगड रस्त्यावरच्या त्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटे गडावर गेलेल्या सायकली परतीच्या वाटेवर तिथे थांबल्या होत्या. चाकांवरून चिखलाचं पाणी फरशीवर ओघळत होतं. मडगार्ड न लावलेल्यांच्या पाठीवर टायरने मारलेली चिखलाची रेघ थेट मानेपर्यंत गेली होती. तक्रारी थोड्याफार फरकाने सारख्याच होत्या. ब्रेक लागत नाही, ब्रेक ओरडतो, ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकतो.

दुकान चालवणारे मेकॅनिक पन्नाशीचे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी त्या दिवशी सायकलींतून काढलेले डिस्क ब्रेकचे पॅड ओळीने मांडले होते. दोन-अडीच सेंटिमीटरची एक धातूची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा थर, एवढाच हा पॅड. एका जोडीचा थर तिरका झिजला होता. दुसरीचा चकचकीत, काळपट झाला होता. तिसरीवर थर उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासून तिच्यावर खोल चरे उमटले होते.

“ही जोडी पंधरा दिवसांपूर्वी नवी घातली होती,” त्यांनी तिसरी जोडी माझ्या हातात दिली. “पोरगा म्हणतो, काका, तुम्ही डुप्लिकेट माल दिला. माल ओरिजिनल होता ताई. मी त्याला एकच गोष्ट विचारली नाही, बाबा तू चालवणार कुठे. तो निघाला ताम्हिणीला, तेही धो धो पावसात.”

या अंकासाठी संपादकांनी ‘उतार’ हा विषय दिला, तेव्हा मला सगळ्यात आधी घाट आठवले आणि घाट सायकलवरून उतरणारी माणसं आठवली. गेल्या काही वर्षांत पुण्या-नाशकात, साताऱ्या-कोल्हापुरात सुट्टीच्या सकाळी घाट चढणाऱ्या सायकलस्वारांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. चढण्याबद्दल ते भरभरून बोलतात. गिअर कोणता, किती वेळ लागला, कुठल्या वळणावर दम लागला, सगळं सांगतात. उतरण्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. उतरताना माणसाचा जीव ज्यावर अवलंबून असतो, तो थर नवा असतानाही जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो. तो कसा निवडावा हे दुकानात, घाटात आणि चालवणाऱ्यांकडून समजून घ्यायचं मी ठरवलं.

वळणावर उभं राहून

गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगडाचा गाडीरस्ता आठ-नऊ किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटर वर चढतो. पावसाळ्यात या रस्त्याचं रूप बदलतं. डोंगराच्या बाजूने पाणी आडवं येतं आणि सोबत मुरूम, खडी, झाडांचा पाला घेऊन येतं. धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. भजी आणि दह्यासाठी वर जाणाऱ्या मोटारी वळणावरच एकमेकींसमोर अडतात. अशा एका अरुंद वळणावर छत्री घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. उतरणाऱ्या सायकली दिसण्याआधी त्यांचे ब्रेक ऐकू येत होते. कुणाचा कर्कश किंचाळत होता, कुणाचा वाळूवर घासल्यासारखा खरखरत होता, आणि एखाद्याचा काहीच आवाज नव्हता. दोन-तीन सायकली गेल्यावर जळक्या राळेचा वास हवेत राहायचा.

मोटार घाट उतरते तेव्हा खालच्या गिअरमध्ये इंजिनच तिला धरून ठेवतं. सायकलला इंजिन नाही. चढताना पायांनी जी ऊर्जा उंचीत साठवली, ती उतरताना कुठेतरी जायलाच हवी. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर सहाशे मीटर खाली येताना साधारण सव्वापाच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. काही वाटा वारा उचलतो, थोडा टायर. पण वीसेक किलोमीटरच्या वेगाने जपून उतरणाऱ्याच्या बाबतीत निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा ब्रेकच्या वाट्याला येते. तेवढ्या उष्णतेत लिटरभराहून अधिक पाणी खळखळून उकळेल. इथे ती सगळी उष्णता शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या दोन पातळ पोलादी चकत्यांमधून हवेत जायची असते. थेट घाट उतरून आलेल्या सायकलच्या डिस्कला बोट लावलं तर फोड येतो, तो उगाच नाही.

वळणावर उभं राहिल्यावर उतरण्याच्या दोन पद्धती स्पष्ट दिसतात. काही जण पूर्ण उतारभर मागचा ब्रेक हलकासा दाबून धरतात. त्यांचा वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याचा विरोध कमी मिळतो, ब्रेकवरचा भार वाढतो आणि एकाच डिस्कला गार व्हायला क्षणाचीही उसंत मिळत नाही. दुसरे सरळ पट्ट्यात सायकल थोडी सोडतात, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम आणि नीट दाबतात, वळणात शिरण्यापूर्वी सोडून देतात. जळका वास बहुतेक पहिल्यांच्या मागे येत होता. पॅडची निवड कितीही चांगली असली तरी अशा वापरात तो टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रॉड ब्रेकपासून इथपर्यंत

चाळिशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला काळी, दणकट, उंच सायकल आणि तिचा रॉड ब्रेक आठवतच असेल. लिव्हर दाबला की लोखंडी सळ्या वर खेचल्या जायच्या आणि रबराचे गुटके रिमला आतल्या बाजूने लागायचे. कोरड्या दिवसात हे पुरेसं होतं. पावसात क्रोमच्या गुळगुळीत रिमवर पाण्याचा पदर असायचा आणि गुटका त्यावरून नुसता घसरायचा. तेव्हा पाय जमिनीला लावणं हाच खरा ब्रेक होता. पुढे ॲल्युमिनिअमचे रिम आले, केबलचे ब्रेक आले, परिस्थिती बरीच सुधारली. तरी जो रिम रस्त्याच्या चिखलाजवळ फिरतो त्याच रिमला धरून थांबायचं, ही अडचण राहिलीच.

डिस्क ब्रेकने थांबवण्याची जागा चाकाच्या मध्यावर, चिखलापासून दूर नेली. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. त्यांनी तांब्याचे पॅड वापरले आणि ते भयंकर किंचाळायचे. त्याच्या थोडं आधी डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड घोडागाड्यांसाठी घर्षणाचं चांगलं साहित्य बनवण्याच्या खटपटीला लागले होते. तेव्हापासून ब्रेकच्या कारागिरीत एक प्रश्न कायम आहे. यंत्रणा कशीही असो, कशावर काय घासायचं? १९५३ मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली आणि मोटारींचा निकाल लागला. सायकलमध्ये आधी डोंगरात चालणाऱ्या माउंटन बाइकने डिस्क स्वीकारली. रस्त्यावरच्या शर्यतींच्या जगाने बरीच वर्षं नाखुशी दाखवली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रोड रेसमध्ये डिस्कला पूर्ण परवानगी दिली ती जुलै २०१८ मध्ये.

आपल्याकडे तोवर बाजारच पुढे गेला होता. दहा-पंधरा हजारांच्या सायकलींवरही ‘ड्युअल डिस्क’ची चिठ्ठी आली. शाळकरी मुलाला सायकल घेताना डिस्क हवीच, हा हट्ट घराघरांत झाला. सायकलीबरोबर पॅडची माहिती मात्र कुणी दिली नाही.

आकार एक, जाती दोन

मेकॅनिकांच्या मागच्या भिंतीवर पॅडची पाकिटं टांगलेली होती. त्यांनी त्यातली दोन काढली. शिमानो कंपनीचे एकाच आकाराचे दोन पॅड. एकावर ‘जी०३एस’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘जी०४एस’. दोन्ही एकाच कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसतात. पण पहिला रेझिनचा आहे, दुसरा मेटलचा. “गिऱ्हाईक जुना पॅड घेऊन येतं, असलाच द्या म्हणतं. आकार जुळला की झालं, असं त्याला वाटतं,” ते म्हणाले. शेवटचं अक्षर पाठीच्या पट्टीचं असतं. ‘एस’ म्हणजे पोलादी, ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनिअमची.

रेझिन किंवा ऑरगॅनिक पॅडमध्ये वेगवेगळे तंतू, रबर, कार्बन असे पदार्थ राळेत मिसळून, दाबून, तापवून घट्ट केलेले असतात. थर मऊ असतो. थंड असतानाही पहिल्याच दाबाला पकड घेतो, आवाज कमी करतो, डिस्कला जपतो, आणि उष्णता कॅलिपरकडे फारशी जाऊ देत नाही. शहरातल्या सिग्नलवर, कोरड्या रस्त्यावर, हलक्या उतारांवर याच्यासारखा पॅड नाही. त्याचं दुबळेपण दोन ठिकाणी उघड होतं. सतत तापला तर राळेचा पृष्ठभाग कडक आणि चकचकीत होतो. टेबलावरची दुसरी जोडी अशीच ‘ग्लेझ’ झालेली होती. मग कितीही दाबा, पकड येत नाही. दुसरं, चिखलाच्या पाण्यातली बारीक रेती या मऊ थराला भराभर खाते. घाटातल्या मुरमाच्या पाण्यात चांगला रेझिन पॅड एका लांब फेरीत संपू शकतो. ताम्हिणीच्या पोराची जोडी हेच सांगत होती.

मेटल किंवा सिंटर्ड पॅडमध्ये तांबं, लोखंड, ग्रॅफाइट अशा भुकट्या प्रचंड दाबाखाली, वितळण्याच्या थोड्या अलीकडच्या तापमानाला एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्या तापमानाला टिकण्यासाठी पाठीची पट्टी बहुधा पोलादाची असते. हा थर कडक असतो. लांब उतारावर तापला तरी पकड सोडत नाही आणि पावसा-चिखलात रेझिनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. बदल्यात काय द्यावं लागतं? थंड असताना पहिला दाब जरा बोथट लागतो. ओला झाला की ओरडतो. डिस्क लवकर झिजवतो. आणि उष्णता धातूतून सहज जाते, म्हणून कॅलिपर आणि त्यातलं तेल जास्त तापतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा ब्रेक वापरणाऱ्याने हा शेवटचा मुद्दा हलका समजू नये.

या दोहोंच्या मधले ‘सेमी-मेटॅलिक’ही मिळतात. राळेत धातूचे कण मिसळलेले. पावसाळ्यात रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि महिन्यातून एखादा घाट करणाऱ्यासाठी ही तडजोड मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ‘सिरॅमिक’ असं लिहिलेली पाकिटंही भिंतीवर होती. त्या नावाखाली वेगवेगळे उत्पादक वेगवेगळं मिश्रण विकतात, म्हणून फक्त शब्द पाहून पैसे मोजू नयेत. काही पॅडच्या पाठीवर ॲल्युमिनिअमचे उभे पंख असतात. ते हवेत उघडे राहतात आणि उष्णता बाहेर फेकतात. लांब घाट नेहमी करणाऱ्याला त्यांचा खरा उपयोग होतो. रोज भाजी आणायला जाणाऱ्याला काही नाही.

डिस्कवर लिहिलेली ओळ

आकार आणि जात कळली तरी निवड पूर्ण होत नाही. दुकानातच एक कॉलेजची मुलगी आली. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने मेटल पॅड मागवले होते आणि ते बसवून हवे होते. मेकॅनिकांनी तिची सायकल स्टँडवर चढवली, चाक फिरवलं, फडक्याने डिस्क पुसली आणि तिला वाकून बघायला सांगितलं. पोलादावर बारीक अक्षरांत कोरलं होतं, ‘रेझिन पॅड ओन्ली’.

तिने सायकल घेतल्यापासून ती ओळ कधी पाहिली नव्हती. मीही लगेच रस्त्यावर उभ्या असलेल्या इतर सायकलींच्या डिस्क वाकून वाचत सुटले. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच सायकलींवर ती होती. या डिस्कचं पोलाद मऊ असतं. त्यावर सिंटर्ड पॅड लावला तर पॅड टिकतो आणि डिस्क झिजून जाते, शिवाय हवी तशी पकडही मिळत नाही. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ मिलिमीटरवर आली की काढून टाकायची असते. म्हणजे तिच्या पूर्ण आयुष्यात झिजायला मिळतात तीन दशांश मिलिमीटर. चुकीच्या पॅडने ते पाहता पाहता संपतात, आणि पातळ झालेली डिस्क घाटात तापली की वाकते.

“मग मी काय करू काका? आम्हाला ऑगस्टमध्ये महाबळेश्वरवरून आंबेनळीने खाली उतरायचंय.”

“मग आधी डिस्क बदल. मेटल चालणारी घे, मग हे पॅड घाल. नाहीतर हीच डिस्क ठेव, चांगल्या कंपनीचे रेझिन पॅड घाल आणि एक जोडी जास्तीची सोबत ने. मधला रस्ता नाही यात.”

तिने दुसरा पर्याय घेतला. आणलेले पॅड परत पिशवीत गेले. दुकानदाराच्या दृष्टीने पहिला पर्याय जास्त पैशांचा होता, हे मी नोंदवून ठेवलं.

आंबेनळी उतरणं ही साधी गोष्ट नाही. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचावर आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्या जवळ. सिंहगडाचा उतार दुपटीने मोजा. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. पाणी, रेती आणि लांबी, पॅडचे तिन्ही शत्रू एकाच रस्त्यावर. अशा ठिकाणी मी डिस्कची ओळ वाचून, ती परवानगी देत असेल तर निदान पुढच्या चाकाला सिंटर्ड पॅडच घालीन. जोरात थांबताना भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. मागचं चाक हलकं होतं आणि लवकर घसरतं. तिथे रेझिन ठेवला तरी चालतो. पुढे एक आणि मागे दुसरा अशी जोडी अनेक अनुभवी सायकलस्वार मुद्दाम लावतात. एकाच कॅलिपरमध्ये डावा एका जातीचा आणि उजवा दुसऱ्या जातीचा असं मात्र कधीच करू नये.

केबलचा ब्रेक आणि तेलाचा ब्रेक

स्वस्त सायकलींवर केबलने चालणारा, म्हणजे मेकॅनिकल डिस्क ब्रेक असतो. त्यात बहुतेक वेळा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून दुसऱ्या, स्थिर पॅडवर टेकवतो. पॅड झिजत जातो तसा लिव्हर हँडलच्या जवळ येत जातो आणि अंतर हाताने कमी करावं लागतं. हे न करता फक्त केबल ताणत राहिलं की पॅड तिरके झिजतात. टेबलावरच्या पहिल्या जोडीचं हेच झालं होतं. नवा, महागडा पॅड घालून हा दोष जात नाही. आधी स्थिर पॅड एलन कीने डिस्कच्या जवळ आणावा लागतो आणि कॅलिपर सरळ करावा लागतो. डिस्क वाकडी झाली असेल तर ती आधी सरळ करावी लागते.

तेलाच्या ब्रेकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकत राहतात, त्यामुळे लिव्हरवरून झीज कळत नाही. पॅड संपलेला असला तरी लिव्हर नव्यासारखाच लागतो. म्हणून डोळ्यांनी बघणं हाच उपाय. शिमानो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत थर आला की पॅड बदलायला सांगते. स्रॅम ही दुसरी कंपनी पाठीच्या पट्टीसह एकूण जाडी तीन मिलिमीटरपेक्षा कमी झाली की बदलायला सांगते. बॅटरीचा उजेड मारून कॅलिपरच्या फटीतून हे घरबसल्या दिसतं. नवा जाड पॅड बसण्यासाठी पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने हळूच आत ढकलावे लागतात. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, आणि ते पूर्ण निघाले तर तेल बदलण्याचं मोठं काम निघतं.

तेलही दोन प्रकारचं. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१. एकात दुसरं घातलं तर आतले सील खराब होतात. डॉट तेल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ५.१ च्या मानकानुसार ताज्या तेलाचा तो किमान २६० अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शिरलेल्या तेलाचा किमान १८० अंश. कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळे तसंच राहिलेलं तेल आणि सिंटर्ड पॅड ही जोडी लांब घाटात धोक्याची आहे. लिव्हर अचानक पोकळ होतो आणि हँडलपर्यंत जातो. सिंटर्ड पॅड घेणाऱ्याला तेल कधी बदललं हे विचारणारा दुकानदार मला भेटला, याचा मला मनापासून आनंद झाला.

तेलाचा हात

दुकानात आलेल्या, ब्रेक ओरडणाऱ्या बऱ्याचशा सायकलींमध्ये पॅड चुकीचा नव्हता. त्याला तेल लागलं होतं. चेनवर मारलेला स्प्रे हवेतून डिस्कवर जातो. सायकल चमकावी म्हणून मारलेलं सिलिकॉन पॉलिश जातं. चेनचं ऑइलिंग करून त्याच हाताने डिस्क फिरवून बघितली जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज येतो म्हणून कुणीतरी डिस्कवरच तेल सोडतं. असं करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती अतिशय चांगल्या हेतूने ते करत होती.

पॅड सच्छिद्र असतो, तो तेल पिऊन घेतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ होते. पॅड होत नाही. तो गॅसवर तापवा, पेट्रोलमध्ये बुडवा असे उपाय सांगितले जातात. त्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि उतारावर तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं. घाट करणाऱ्याने असा पॅड टाकूनच द्यावा. नुसता ग्लेझ झालेला, तेल न लागलेला पॅड मात्र वाचतो. सपाट जागी पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलक्या हाताने वरचा चकचकीत थर काढायचा. ती भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधायचं.

ज्यांचा घाट रोजचा आहे

संध्याकाळी दुकानातली गर्दी बदलली. रविवारचे हौशी सायकलस्वार गेले आणि जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं आली. पाठीवर चौकोनी पिशवी, खाली बॅटरीवरची सायकल. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, म्हणून ही सायकल त्यांना परवडते. ती साध्या सायकलीपेक्षा बरीच जड असते, तिच्यावर माणूस आणि पार्सल असतं, आणि दिवसभरात ती शेकडो वेळा थांबते. ब्रेक बहुतेक केबलचेच. त्यांचा उतार म्हणजे वारजे, धायरी, कात्रजच्या बाजूचे चढउताराचे रस्ते, रोज, पावसात, वेळेच्या दडपणाखाली.

एकाने खिशातून बिननावाच्या पाकिटातले पॅड काढले. शंभराच्या आसपास मिळालेले. “दादा, हेच टाका. महिनाभर चालतात.” मेकॅनिकांनी ते उलटे-सुलटे करून पाहिले. कशाचे बनलेत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकाच्या थराची कड पट्टीपासून सुटू लागली होती. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि नाव असलेले सेमी-मेटॅलिक पॅड दाखवले, दर तिपटीहून जास्त. मुलगा गप्प झाला. मग हिशेब झाला. हे तीन-चार महिने जातील, मधे दोनदा अंतर लावून घ्यायला ये, त्याचे पैसे नाहीत. मुलाने निम्मे पैसे आत्ता दिले, निम्मे पुढच्या आठवड्यात.

हा व्यवहार पाहताना मला राग आला, आणि तो कुणा दुकानदारावर नव्हता. मोटारीच्या सुट्या भागावर काय लिहिलेलं असावं याचा आग्रह आपण धरतो. जड सायकलीवर दिवसाचे दहा तास रस्त्यात काढणाऱ्या मुलाच्या ब्रेकच्या पाकिटावर तो कशाचा बनलाय हेही लिहिलेलं नसतं, आणि ते विकलं जातं. पाकिटावर उत्पादकाचं नाव, मिश्रणाची जात आणि कोणत्या डिस्कवर चालेल हे तीन शब्द छापायला कितीसा खर्च येतो? तोवर एवढं तरी करता येईल. नाव नसलेला पॅड घेऊ नये. थराची कड सुटलेली दिसली तर पाकीट परत द्यावं. आणि दुकानात गेल्यावर सायकलच्या मॉडेलआधी आपला रस्ता सांगावा. सपाट की चढउताराचा, कोरडा की पावसातला, वजन किती, सामान किती. पॅडची जात या उत्तरांवर ठरते. मॉडेलवरून फक्त आकार ठरतो.

नवा पॅड बसल्यावर

आंबेनळीला जाणाऱ्या त्या मुलीचे रेझिन पॅड बसवून झाले. तिने चाचणी म्हणून दारातच लिव्हर दाबला आणि तिचा चेहरा पडला. ब्रेक आधीपेक्षाही कमी लागत होता. हे असंच होतं. नव्या पॅडचा अगदी पातळ थर डिस्कवर सारखा पसरल्याशिवाय दोघांची पकड जमत नाही. हा थर बसवून न घेता कुणी थेट घाटात गेलं, तर पहिल्याच जोरदार दाबाला तो थर डिस्कवर ठिकठिकाणी डाग पडल्यासारखा बसतो. मग ब्रेक थरथरतो, ओरडतो, आणि दोष पॅडच्या जातीला दिला जातो.

दुकानामागे एक मोकळी, सपाट गल्ली आहे. मेकॅनिकांनी तिला तिथे पाठवलं. पंचवीसेकचा वेग घ्यायचा, पुढचा ब्रेक एकसारखा, घट्ट दाबायचा, चालण्याइतका वेग आला की सोडायचा. पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. असं वीस वेळा. मग मागच्या ब्रेकला तेच. ती ओल्या गल्लीत येरझाऱ्या घालत राहिली. सुरुवातीच्या फेऱ्यांना ब्रेक नुसता सरकत होता. नंतर नंतर सायकलचं नाक प्रत्येक दाबाला स्पष्ट खाली झुकायला लागलं.

परत आल्यावर तिने विचारलं, आता निघायच्या आदल्या रात्री एकदा जास्तीची जोडी घालून बघू का, नीट बसतेय ना ते?

“आदल्या रात्री नको. आत्ताच बसवून बघ, त्याही जोडीला वीस फेऱ्या मार, मग काढून कागदात गुंडाळून ठेव. डावा कोणता, उजवा कोणता ते पेनाने लिही. घाटात बदलायची वेळ आली तर तिथे फेऱ्या मारायला सपाट रस्ता मिळायचा नाही.”

तिने पाकीट फोडलं, चाक पुन्हा काढलं, आणि या वेळी पॅड तिने स्वतः बसवले.